रात्री लागणारी स्टेशनं

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

देशभरात आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद होत चाललेत. त्यावर ना मोर्चा निघाला, ना कुठल्या चॅनेलवर चर्चा झाली. रेडिओ आता ऐकतंय कोण, असं म्हणून विषय संपतो. मी परंडा तालुक्यातल्या सोनारीचा. भैरवनाथाचं गाव, आणि माकडांसाठी प्रसिद्ध. इथून बघितलं तर विषय एवढ्यात संपत नाही, म्हणून लिहितोय.

आमचं गाव सगळ्या मोठ्या शहरांपासून लांब. नव्वदच्या आसपास दिवसा रेडिओवर सोलापूर लागायचं, पुणं खरखरत लागायचं, आणि बास. दिवस मावळला की काट्यावर गर्दी व्हायची. जिथं दुपारी नुसती सूं-सूं असायची, तिथं मुंबई, नागपूर, हैदराबाद, धारवाड, बंगळुरू, मद्रास, दिल्ली. अजून जरा काटा सरकवला की श्रीलंकेतल्या पुत्तलमचं 882 यायचं. काही भाषा तर ओळखूही यायच्या नाहीत. माळवदावर अंथरूण टाकायचं, रेडिओ उशाशी घ्यायचा आणि मिलिमीटर-मिलिमीटरने काटा फिरवायचा. एरियलसाठी तार बांधायचो, ती माकडं टिकू द्यायची नाहीत. मग रेडिओच आडवा-उभा फिरवायचा. आत फेराईटची कांडी असते. ती एका दिशेला धरली की एक स्टेशन दबतं आणि त्याच्या मागचं दुसरं वर येतं. हे कुणी शिकवलं नव्हतं, हाताला कळलं होतं.

वहीत आकडे लिहून ठेवायचो. मुंबई 558 आणि 1044, नागपूर 585, पुणे 792, परभणी 1305, बंगळुरू 612, मद्रास 720, हैदराबाद 738, धारवाड 765, दिल्ली 819. एक दिवस लक्षात आलं की कुठल्याही आकड्याची बेरीज करा, नऊ येते नाहीतर अठरा. नंतर कळलं, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांत नऊ-नऊ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. 531 पासून 1602 पर्यंत सगळा नऊचा पाढा!

रात्रीच का लागतात ही स्टेशनं? जमिनीपासून साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर, उन्हाने तयार होणारा विद्युतभारित हवेचा एक थर असतो. मीडियम वेव्हच्या ज्या लहरी आकाशाकडे जातात, त्या दिवसा हा थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग त्याच्यावरचे थर त्याच लहरी आरशासारख्या खाली परतवतात आणि हजार किलोमीटरवरचा आवाज माळवदावर उतरतो. मधेच आवाज मोठा होतो, मधेच बुडतो, कारण एकच लहर दोन-तीन वाटांनी येऊन पोचते आणि त्या वाटा एकमेकींना कधी साथ देतात, कधी खोडतात. एफएमचं तसं नाही. ते सरळ रेषेत जातं, वर गेलं की परत येत नाही. टॉवर दिसेल तिथवर, फार तर पन्नास-साठ किलोमीटर. मधे डोंगर आला की संपलं.

आवाजाला हद्द नसते, हे आमच्या भागाला जुनं माहीत आहे. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्याच्या अगदी काठावर. पलीकडे बार्शी, करमाळा, म्हणजे मुंबई इलाखा. हद्दीवर नाके होते. रेडिओच्या लहरीला कुठला आलाय नाका? 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, तीही रेडिओवरूनच.

माझ्यासाठी रेडिओचा खरा धडा 30 सप्टेंबर 1993 चा. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती नुकतेच बोळवले होते. मी पंधरा वर्षांचा. फळीवरची भांडी वाजली, सगळे अंगणात आले. उजाडेपर्यंत गावात चार अफवा फिरून आल्या. कुणी म्हणे कोयना फुटली, कुणी म्हणे बॉम्ब पडला. किल्लारी हे नाव आम्ही पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं. आमच्यापासून शंभरावर किलोमीटर, आणि अर्धी हानी आमच्याच जिल्ह्यात, उमरग्याकडे. त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री मी एकामागून एक स्टेशन लावत राहिलो. मराठी बातम्या, दिल्लीच्या हिंदी बातम्या, शॉर्टवेव्हवर बीबीसी हिंदी. प्रत्येकाचा मृतांचा आकडा वेगळा. कोण सरकारचा हवाला देत होतं, कोण गावात गेलेल्या बातमीदाराचा. मरण पावलेल्यांची संख्या शेवटी दहा हजारांच्या जवळपास गेली. आकडा ऐकायच्या आधी तो कोण सांगतंय हे ऐकायचं, ही गोष्ट पुढे पत्रकारितेच्या डिप्लोमात शिकवली. मला ती त्या काट्याने आधीच शिकवली होती.

आता 2025 चा सप्टेंबर. परंडा तालुक्यातला पूर तुम्ही टीव्हीवर पाहिलात. हेलिकॉप्टर, बोटी, छतावर बसलेली माणसं. आम्ही नाही पाहिला, कारण आमच्याकडे आधी लाईट गेली आणि मग मोबाईलची रेंज. टॉवरला बॅटरी असते, जनरेटर असतो, पण रस्ते बंद झाल्यावर डिझेल पोचवणार कोण? पुण्यातल्या पाहुण्यांना माझ्या तालुक्याचं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. घरात चार मोबाईल, एकातही एफएम नाही. नव्या फोनमधून ते गेलंच. गल्लीतल्या एका आजोबांकडे सेलवरचा रेडिओ निघाला. म्हणाले, "लाईट न्हाई म्हणल्यावर लई साफ लागतंय बघ." खरंच होतं ते. एलईडी बल्ब, चार्जर, टीव्ही यांची जी खरखर एरवी मीडियम वेव्हवर बसते, ती गावाच्या अंधारात नाहीशी झाली होती. एक कन्नड स्टेशन स्वच्छ लागलं. मग कुठूनतरी जुनी हिंदी गाणी. मराठी काही सापडायच्या आत सेल बसले.

मी तेव्हापासून विचार करतोय. आकाश आपलं काम चोख करत होतं. सूर्य मावळला तसा वरचा आरसा उघडा झाला होता. त्यासाठी ना टॉवर लागतो, ना रिचार्ज, ना डेटा. शिवाय तुम्ही काय ऐकता याची नोंद कुठल्या कंपनीकडे जात नाही. लागतात तीनच गोष्टी. घरात सेट, सेटमध्ये सेल, आणि दूर कुठंतरी आपल्या भाषेत बोलणारं एक दणकट स्टेशन.

एकेकाळी हे सरकारला कळत होतं. 18 मे 1988 ला आकाशवाणीने नॅशनल चॅनेल सुरू केलं, तेच मुळी रात्रीसाठी. संध्याकाळी सुरू, पहाटे बंद. नागपूरला त्यासाठी 1566 किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर होता. रात्री रानात दारं धरणारा शेतकरी, ट्रक ड्रायव्हर, राखणदार हे त्याचे श्रोते. डिसेंबर 2018 मध्ये ते बंद करायचा आदेश निघाला. जानेवारी 2020 च्या अखेरीला बीबीसी हिंदीचं रेडिओ प्रसारणही थांबलं.

दुसरी बाजूही सांगतो. मीडियम वेव्हचा ट्रान्समीटर वीज खातो, त्याला मोठी जागा लागते, जुने सुटे भाग मिळत नाहीत आणि ऐकणारे कमी झालेत. हे सगळं खरं आहे. डीआरएम नावाचं डिजिटल तंत्र आलंय. आवाज साफ, वीज कमी, एकाच लहरीवर दोन-तीन कार्यक्रम. आकाशवाणीने तिसाहून जास्त ट्रान्समीटर त्यासाठी बसवले. पण तो सेट बार्शीच्या बाजारात कुठे मिळतो सांगा! काही गाड्यांत आहे म्हणे. रानात बैलाला कोण गाडी म्हणेल?

अमेरिकेत इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम रेडिओ काढायला लागले, तेव्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या माजी प्रमुखांनीच विरोध केला, आणि 2023 मध्ये प्रत्येक गाडीत एएम ठेवा असं विधेयक तिथल्या संसदेत आलं. जपानमध्ये भूकंपासाठी तयार ठेवायच्या पिशवीत पाणी आणि बॅटरीबरोबर रेडिओ असतो. हे देश काही मागास नाहीत. सगळं बंद पडल्यावर काय चालू राहतं, याचा हिशेब त्यांनी केलाय.

मराठवाड्याचा हिशेब कोण करणार? आम्ही भूकंप पाहिला, दुष्काळ तर नेहमीचाच, आता पूरही पाहिला. मागणी फार मोठी नाही. महाराष्ट्रात मराठीत बोलणारा निदान एक मोठा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर रात्रभर चालू ठेवा. आपत्तीच्या दिवसांत त्यावरून दर तासाला तालुकावार माहिती द्या: कुठला रस्ता बंद, कुठल्या धरणातून किती पाणी सोडलं, छावणी कुठे. आणि ग्रामपंचायतीच्या आपत्तीच्या साहित्यात दोऱ्या आणि टॉर्चबरोबर सेलवरचा एक रेडिओ ठेवा.

ओरडलं तर ऐकू जातं. जून 2023 मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा निर्णय झाला होता. लोक बोलले, निर्णय थांबला. तेव्हा पुण्याचा आवाज होता. आता परंडा, भूम, कळंबचाही लागू द्या. ग्रामसभेत ठराव मांडा, आमदार-खासदारांना पत्र द्या. ठरावाचा मसुदा मी तयार केलाय, ज्यांना हवा त्यांनी मेसेज करा.