दोन काडतुसं

आमच्या घरी धानाच्या ढोलीत डालड्याचा एक जुना डबा असायचा. डब्यात धानाचा कोंडा आणि कोंड्यात काडतुसं. पावसाळ्यात कागदी नळकांड्याचं काडतूस सादळून फुगतं, मग ते बंदुकीच्या नळीत बसत नाही, म्हणून बाबांनी ही सोय केली होती. त्या डब्याला हात लावायची आम्हा भावंडांना मनाई होती. मायला विचारलं की ती म्हणायची, "सोनं नाई घरात, पन डब्यात सोन्याच्या भावाची वस्तू हाय."

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, वैनगंगेच्या अलीकडं. पलीकडं गडचिरोली. १९८२ पर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, आणि सोयरिकी तर आजही नदी ओलांडूनच होतात. गावाला एक मालगुजारी तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, आणि शेवटच्या बांधीचा धुरा संपला की जंगल सुरू. जंगलात रानडुक्कर, रोही, चितळ. धान निसवायला लागला की डुकराचा कळप एका रात्रीत बांधी अशी लोळवतो की सकाळी पाहणाऱ्याला वाटावं, कुणी रातभर बैल फिरवले. म्हणून आमच्याकडं जागल. चार खांबांवर मारा बांधायचा, त्यावर तनिस अंथरायची, खाली शेकोटी, आणि दसरा-दिवाळीपर्यंत रात्री तिथंच काढायच्या.

आबाजींकडं भरमार होती. नळीच्या तोंडातून दारू, चिंध्या आणि छर्रे गजानं ठासायचे, मागं टोपी बसवायची. पावसाळी रात्री दारू ओली झाली की घोडा नुसता 'टक' करून बसे. आबाजींच्या काळात तिच्यानं शिकार होत असे, खोटं कशाला सांगू. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हापासून डुक्कर मारायचं तर वन खात्याची परवानगी लागू लागली. बंदूक मात्र घरात राहिली, कारण परवानाच पीक संरक्षणाचा होता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. तेवढ्यानं भागत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते, अशीही सोय त्यात आहे. त्याच सोयीवर बाबांनी बारा बोअरची एकनळी मिळवली. तीन वर्षं खेटे घातले तेव्हा मिळाली.

बंदूक मिळाली आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. भरमारीला लागेल ते जिल्ह्यातच जमायचं. बारा बोअरला काडतूस हवं, आणि ते आमच्याकडं मिळत नव्हतं. बाबा पहाटे नागभीडला जायचे, तिथून छोट्या रेल्वेनं नागपूरच्या इतवारीला. डब्यात कोंबड्या, भाजीच्या टोपल्या आणि बाबांच्या बंडीच्या आतल्या खिशात परवान्याचं पुस्तक. ऐंशीच्या दशकात बाहेरच्या देशातला माल यायचा बंद झाला, मग उरली ती सरकारी कारखान्याची, पुण्याजवळच्या खडकीची 'शक्तिमान' काडतुसं. दुकानदार परवान्यावर तारीख आणि नग लिहून शिक्का मारायचा. परवान्यावर वर्षाला पंचवीस लिहिले होते. पंचवीस एकदाही मिळाले नाहीत. कधी दहा, कधी आठ. "माल आला नाही" हे वाक्य ऐकायला बाबांनी किती वेळा ती रेल्वे धरली असेल, त्याची गणती नाही. आणि मिळाली तरी भाव असा की एका काडतुसाच्या पैशात रोवण्याच्या एका बाईची दिवसाची मजुरी निघावी. माय तोंडावर हिशोब करायची, "दहा कार्तूस म्हंजे दहा बाया."

गंमत अशी की आमच्याच जिल्ह्यात, भद्रावतीला, दारूगोळ्याचा एवढा मोठा सरकारी कारखाना. तिथं तोफांचे गोळे तयार होतात. बाबा एकदा एस.टी.तून त्याच्या भिंतीकडं बोट दाखवून म्हणाले, "पाह्य बापू, इथं पाकिस्तानसाठी भरपूर हाय. डुकरासाठी नाई."

मग भागवायचं कसं? बाबांनी मोसमाच्या सुरुवातीलाच डब्यातली काडतुसं मोजून माऱ्याच्या खांबावर तितक्या खुणा कराव्यात. एक सुटलं की एक खूण विळ्यानं खोडायची. पहिली पाळी टिनाच्या डब्याची, मग गोफणीची, मग आरोळीची. मागच्या दिवाळीचे सुतळी बॉम्ब मायनं डब्यात जपून ठेवलेले, ते त्यानंतर. कुत्रं सोडायचं. एवढ्यानं कळप हलला नाही तरच बंदूक. आजूबाजूच्या सहा-सात शेतकऱ्यांनाही त्या आवाजाचा फायदा व्हायचा, म्हणून कापणीनंतर ते आपापल्या परीनं पायली-दोन पायली धान आमच्याकडं आणून टाकत. त्याला गावात 'काडतुसाची पायली' म्हणत. ज्याच्याकडं नसे तो देत नसे, आणि बाबांनी कुणाला मागितल्याचं मला आठवत नाही.

नदीपलीकडं माझ्या मामाची गत आणखी वेगळी. त्याच्याकडं भरमार होती. नव्वदच्या आसपास त्या भागात रात्री दलमवाले गावात यायचे आणि कुणाकडं बंदूक आहे ते विचारायचे. दिवसा पोलीस यायचे आणि तेच विचारायचे. बंदूक त्यांना दिली तर यांचा मार, नाही दिली तर त्यांचा. शेवटी मामानं ती ठाण्यात जमा केली आणि पावती देवाच्या फोटोमागं ठेवली. तो म्हणायचा, "डुक्कर बरा गा. तो फक्त धान खाते."

आमच्याकडं दलमची भीती तेवढी नव्हती, पण बंदूक ठाण्यात जायची ती निवडणुकीला. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं जमा करा, असा निरोप यायचा. यातली गोम शेतकऱ्यालाच कळेल. १९९९ साली लोकसभा आणि विधानसभा दोन्हींचं मतदान सप्टेंबरात झालं. त्यानंतर २००४, २००९, २०१४, २०१९, विधानसभेचं मतदान दर वेळी ऑक्टोबरात. म्हणजे पीक संरक्षणाची बंदूक नेमकी पीक उभं असताना ठाण्यात. बाबा तक्रार करत नसत. एवढंच म्हणत, "डुकराले मत नाई, म्हनून त्याले कोनी थांबवत नाई."

मी सांगतोय ती रात्र त्याच १९९९ सालची. मी पंधरा वर्षांचा. मतमोजणी ६ ऑक्टोबरला झाली आणि नंतर काही दिवसांनी बंदूक घरी आली. तोवर डुकरांनी तलावाकडची दीड बांधी झोपवली होती. नागपूरला बाबा जाऊन आले होते, माल नव्हता. डब्यात मागच्या वर्षीची दोन काडतुसं होती. खांबावर दोनच खुणा.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यातली रात्र. बारा-एकचा सुमार असेल, चांद बुडाला होता. शेकोटी विझत आलेली. मला आधी जाग आली. खालच्या बांधीत धान सळसळत होता. थांबे, पुन्हा सळसळे. वारा नव्हता. मी बाबांना हलवलं. ते आधीच जागे होते आणि बंदूक मांडीवर होती.

"डुक्कर हाय बाबा. हाना ना."

"चूप ऱ्हाय."

टॉर्चचे सेल उतरले होते, उजेड धुऱ्यापर्यंतही पोचेना. अंगात धान वाचवायची खुमखुमी असलेलं माझं वय. मी पुन्हा म्हणालो, "जाते ना तो! हाना!"

"दोनच हायेत," बाबा हळू आवाजात म्हणाले. "पाहू दे."

त्यांनी डबा वाजवला. सळसळ थांबली, पण काही पळालं नाही. डुक्कर असता तर फुर्रकन निघाला असता, निदान हुंकारला असता. बाबांनी एक दगड भिरकावला. काही नाही. मग ते माऱ्यावर उभे राहिले आणि ओरडले, "कोन हाय गा?"

बराच वेळ गेला. मग धानातून बारीक आवाज आला, "मी हाव, भाऊ."

आवाज ओळखीचा होता. दोन घरं सोडून राहणारा माणूस. बाबा खाली उतरले, मी मागून. तो वाकून लोंब्या कापत होता. बाजूला दुपट्ट्यात पाच-सहा पायली निघेल एवढं ओझं. त्याच्याकडं जमीन नव्हती, आणि त्या वर्षी त्याच्या घरी काय चाललं होतं ते गावाला माहीत होतं. बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओझं ठेव तेथंच. जाय घरी." तो गेला. मला म्हणाले, "तू काई पाह्यलं नाई."

माऱ्यावर येऊन त्यांनी बंदुकीची नळी उघडली आणि काडतूस बाहेर काढलं. ते काढताना त्यांचा हात थरथरत होता, दोनदा निसटलं. मला तेव्हा ते रागानं वाटलं.

खरं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. बाबांनीच सांगितलं, एका दुपारी, काही संबंध नसताना. "दहा असते ना डब्यात, तं म्या आवाजावर सोडलं असतं. सोडतच होतो. आवाजाच्या रोखानं, धानाच्या वरतून, खाली-खाली. डुक्कर भेते त्याले." वाकलेल्या माणसाची पाठ धानाच्या वर किती येते, ते त्यांनी हातानं दाखवलं. पुढं काही बोलले नाहीत. मी दोनदा 'हाना' म्हटलं होतं, याची आठवण त्यांनी मला कधी दिली नाही. मला ती द्यावी लागतही नाही.

त्या मोसमात ती दोन काडतुसं सुटलीच नाहीत. पुढं नवी मिळाली, वापरली, पण ती दोन बाबांनी डब्यात तळाशी वेगळी ठेवली. आणि त्यानंतर त्यांनी आवाजावर कधी बंदूक चालवली नाही. उडवायची तर आभाळाकडं, आणि आधी तीनदा विचारून. लोक हसायचे, "डुकराले नाव इचारते हा पाटील."

काळ बदलला. काडतूस आणखी महागलं, परवान्याची कागदपत्रं वाढली. ताडोबापासून ब्रह्मपुरीकडं वाघ वाढले आणि एकट्यानं जागलीला जायची हिंमत कुणाची होईना. मग शेतकऱ्यांना एक स्वस्त उपाय सापडला. धुऱ्यावर खुंट्या ठोकायच्या, तार ओढायची आणि खांबावरच्या लाइनीचा आकडा टाकायचा. काडतुसाला पैसे लागतात, परवाना लागतो, नागपूर लागतं. आकड्याला काही लागत नाही. या तारांना चिकटून आमच्या दोन्ही जिल्ह्यांत डुकरं मेली, वाघ मेले आणि माणसंही मेली. कुणी पाणी पाहायला गेलेला, कुणी स्वतःच्याच शेतात तार विसरलेला.

२०१४ च्या सुमारास कळलं की खालच्या अंगाला ठेक्यानं शेती करणाऱ्या एका पोरानं तार लावली आहे. तो त्याच माणसाचा मुलगा. बाबा तेव्हा खाटेवरून फारसे उठत नव्हते. मला म्हणाले, "जाय, सांग त्याले. बंदूकवाला तरी कोन हाय म्हनून इचारते. तार इचारत नाई."

मी गेलो. त्याच्या बापाचं मी काही बोलू शकत नव्हतो, तो शब्द बाबांना दिलेला. नुसतं म्हणालो, तुझा बाप म्हातारा आहे, रात्री-बेरात्री शेतात फिरतो. पोरगा म्हणाला, "मंग डुकराचं काय करू? तुमी भरून देता का?" प्रश्न रास्त होता. नुकसानीचा पंचनामा, त्याची वाट पाहणं, हे सगळं मलाही माहीत होतं. शेवटी आम्ही चौघांनी मिळून सौर कुंपणाचं यंत्र घेतलं. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. त्यानं तार काढली. माझ्या बोलण्यानं काढली की वीजवाल्यांच्या धास्तीनं, ते मी विचारलं नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात बाबा गेले. खांदा द्यायला तोही आला होता. तेरवी आटोपली आणि मी बंदूक ठाण्यात जमा करायला नेली. वारसाच्या नावानं परवाना मागता येतो, पण मला ती पुढं चालवायची नव्हती. ढोलीतला डबा उपसला, तळाशी ती दोन होती. कागद फुगलेला, पितळ हिरवं पडलेलं. कोणत्याही नळीत ती आता गेली नसती. शिपायानं उलटसुलट पाहिली आणि कागदावर लिहिलं: जिवंत काडतुसे, २ नग. मी सही केली.

परत येताना गावाच्या फाट्यावर तो बसलेला होता. म्हणाला, "जमा केली का गा बंदूक?"

"केली."

थोडा थांबला. मग म्हणाला, "आन कार्तूस?"

"दोन होते. तेही देल्ले."

त्यानं मान हलवली, काठी घेतली आणि आम्ही दोघं गावाकडं चालू लागलो.