भार आणि जाळ

‘स्टोव्ह’ या शब्दाला मराठीत अजून रॉकेलचा वास आहे. पितळी टाकी, पंप, पिन मारणे, मग ती एकसुरी घरघर. आणि ‘स्टोव्हचा भडका’ हे वर्तमानपत्री शब्दही, ज्यांच्यामागच्या सासुरवाशिणींची नावे आपण केव्हाच विसरलो. १८९२ साली स्वीडनमध्ये जन्मलेला प्रायमस नान्सेनने उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत घसरगाडीवरून नेला होता. आम्हांला स्टोव्ह पाठीवरून हरिश्चंद्रगडावर न्यायचा होता, आणि पितळ जड असते.

गडावर पाचनईच्या लोकांकडे झुणका-भाकर मिळत असता हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पहाटेचा चहा, हे त्याचे प्रामाणिक उत्तर. तीन दगडांची चूल मांडावी, तर हे अभयारण्य आहे. इथली काटकी आपली नव्हे.

ग्रॅमांच्या हिशेबात पहिला क्रमांक स्पिरिटच्या चुलीचा. पातळ अॅल्युमिनियमची डबी, वजन जेमतेम काही तोळे. पण तेवढ्याच वजनाच्या बुटेनमधून स्पिरिटच्या सुमारे पावणेदोन पट उष्णता मिळते. त्यामुळे माणसे आणि मुक्काम वाढले की डबीने वाचवलेले वजन इंधनाची बाटली वसूल करते. आमचा खरा आक्षेप निराळाच होता. स्पिरिटची ज्योत भर उन्हात दिसत नाही, आणि साध्या डबीला ती कमी करायची कळ नसते. फेब्रुवारीत सह्याद्रीवरचे गवत कसे वाळलेले असते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला न दिसणारा जाळ लवंडला तर काय होईल हे सांगावे लागत नाही. वणव्याला काडीही पुरते.

म्हणून आम्ही डब्यावर फिरवून बसवायचा गॅसचा स्टोव्ह घेतला. शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, आणि कळ फिरवताच विझणारा. परदेशी परीक्षणे त्याच्या थंडीतल्या दुबळेपणावर पानेच्या पाने खर्चतात, कारण बुटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासे होते. ती चिंता हिमालयात रास्त. आमच्या डिसेंबरात फारशी नाही. आमचा शत्रू कोकणकड्यावरचा वारा. त्यालाही स्टोव्हभोवती पत्र्याचा बंद आडोसा करून अडवता येत नाही, डबाच तापतो. मोठ्या दगडाची ओंजळ शोधावी लागते.

रिकामा झालेला मधल्या आकाराचा डबा सुमारे दीडशे ग्रॅम भरतो. स्टोव्हच्या वजनात तो कोणी धरत नाही. आम्ही तो आळीपाळीने खाली आणतो.