माझी परसबाग

आपल्या हातानें लाविलेली भाजी आपल्या ताटांत यावी, या हौसेनें गेल्या मृगांत मीं घरामागील मोकळ्या जागेंत दोन वाफे केले. एकांत मेथी पेरली, दुसऱ्यांत भेंडी लाविली आणि कुंपणाजवळ तांबड्या भोपळ्याच्या पांच बिया टोचल्या.

चौथ्याच दिवशीं मेथी उगवली. घरांतील सर्वांस बोलावून मीं ती दाखविली. परंतु लगेच पावसाची झड लागली, वाफ्यांत पाणी सांचलें आणि कोंवळीं रोपें मुळाशीं कुजून आडवीं झालीं. भेंडीवर मावा पडला. तिच्या जेमतेम दोन भाज्या झाल्या.

भोपळ्यानें मात्र जोर धरिला. श्रावणांत वेल पिवळ्या फुलांनीं भरून गेला. कांहीं फुलांखालीं बोराएवढा भोपळाही दिसूं लागला. पण एके सकाळीं पाहतों तों तसले तीन इवले भोपळे खालीं पडलेले, आणि शेजारींच माझा सात वर्षांचा भाऊ खेळत असलेला! कसलीही चौकशी न करितां मीं त्यास चापट मारिली. "दादा, मीं हात नाहीं लावला," असें तो रडत सांगत होता; पण मला तें खरें वाटलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं शास्त्राच्या शिक्षकांस मीं भावाची ही खोडी सांगितली. त्यांनीं विचारिलें, "सध्यां रोज सकाळीं पाऊस असतो ना?" मीं होय म्हणतांच ते म्हणाले, "भोपळ्याच्या एकाच वेलावर नरफुलें व मादीफुलें वेगवेगळीं येतात. फूल पहांटे उमलतें व दुपारपूर्वींच मिटतें. तेवढ्या अवधींत मधमाशीनें नरफुलांतील पराग मादीफुलावर नेला नाहीं, तर फळ पिवळें पडून गळतें. आणि भर पावसांत मधमाशा बाहेर पडत नाहींत."

मला फार लाज वाटली. घरीं येतांच मीं भावाची क्षमा मागितली व सर्व कारण सांगितलें. क्षणभर विचार करून तो म्हणाला, "मग मधमाशीचें काम मी करूं?"

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच आम्ही दोघे छत्री घेऊन परसांत गेलों. मीं नरफुलाच्या पाकळ्या काढून दिल्या. त्यानें आंतील पराग मादीफुलांस हळूच लाविला. असें आठवडाभर केलें. पांचांपैकीं दोन भोपळे धरले. त्यांतील एक ओल्या जमिनीस टेंकून सडला. दुसऱ्याखालीं आम्हीं वाळलें गवत घातलें.

दसऱ्यास तो भोपळा भावानेंच तोडिला आणि दोन्ही हातांनीं कवटाळून आईपुढें नेऊन ठेविला. भाजी सर्वांस आवडली. मेथी मीं थंडीत पुन्हां पेरिली व तीही उत्तम आली. बागेंतील नुकसान याप्रमाणें पुढील हंगामांत भरून निघालें. पण ती चापट मला परत घेतां आली नाहीं. बालमित्रांनो, परसबाग अवश्य करा; मात्र फळ गळालें तर आधीं वेलाकडे नीट पाहा.