फॉर्म भरण्याआधी

नांदेड, रविवार

चि. छकुलीस,

पुण्याच्या एएफएमसीचा, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचा विचार तुझ्या डोक्यात शिरलाय, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. आवाजात रागही होता. लातूरला नीटची तयारी चाललीय ती पुढं स्वतःचा दवाखाना टाकायला, असंच घरात सगळे धरून चालले होते ना!

माझं म्हणणं एवढंच, की आधी शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस समजून घे. त्यांच्यावरचा शांतारामबापूंचा सिनेमा नंतर बघ.

साल 1938. इकडे निजामाविरुद्ध स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच वर्षी सप्टेंबरात पाच डॉक्टर मुंबईहून बोटीनं चीनला निघाले. जपाननं तिथं आक्रमण केलं होतं. हे पथक पाठवलं काँग्रेसनं; अध्यक्ष होते सुभाषबाबू आणि पैसा वर्गणीचा. पाचांत दोघे मराठी: नागपूरचे ज्येष्ठ डॉ. चोळकर आणि जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले, जेमतेम 27 वर्षांचे कोटणीस. चीनमध्ये असतानाच त्यांना वडील गेल्याचं कळलं, तरी ते मागं फिरले नाहीत. 1941 मध्ये बेथ्यून रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. 9 डिसेंबर 1942 ला अपस्मारानं ते गेले, तेव्हा वय 32 आणि मुलगा काही महिन्यांचा.

लोक त्यांच्या मरणाबद्दल बोलतात. मला मोठं वाटतं ते वेगळंच. हा माणूस चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकला आणि त्याच भाषेत शिकवू लागला. आघाडीवर औषधं कमी, जखमी अमाप. तिथं एका डॉक्टरचे दोन हात कितीसे पुरणार? गावच्या पोरांना जखम धुवायला, बांधायला शिकवलं, तर डॉक्टर नसतानाही काम चालू राहतं. लष्करी वैद्यकाची खरी कसोटी मला हीच वाटते.

आणि जे परत आले त्यांचं काय? त्याच पथकातले डॉ. बसू कलकत्त्याला परतले. पुढं चीनमधून अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि इथं रुजवलं. त्यांच्यावर शांतारामबापूंनी सिनेमा काढला नाही. कोटणीसांच्या पत्नी ग्वो छिंगलान 2012 पर्यंत हयात होत्या; त्या सासरच्या माणसांना भेटायला भारतातही येऊन गेल्या. मरणाचा दिवस एकच असतो. नंतरची वर्षं मात्र जगून काढावी लागतात.

आईला युद्धाची धास्ती आहे. तिला 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतरची किल्लारी आठवायला सांग. ढिगाऱ्यांवर लष्कराचे जवान राबत होते, ते तिनं स्वतः पाहिलंय.

तू मात्र वर्दीवर भाळू नकोस. जिथली भाषा येत नाही, जिथं नाव कुणी घेणार नाही, अशा ठिकाणी दुसऱ्याला शिकवत राहायची तयारी आहे का, ते स्वतःला विचार. असेल तर खुशाल फॉर्म भर. आईशी मी बोलतो.

तुझा,
मामा