पीचट्री सिटीतली तीनचाकी

अमेरिकेला जाणारे लोक नायगारा, न्यूयॉर्क असे काहीबाही मनात धरून निघतात. मी निघालो तो थोरल्या भावाच्या तीनचाकी सायकलीवर नजर ठेवायला! गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी वहिनींचा फोन आला.

"भावजी, ह्यांनी विजेवर चालणारी तीनचाकी घेतली आहे आणि तिच्यावर बसून गोल्फ खेळायला जातात. मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस! माझं ऐकत नाहीत. तुम्ही या, डोळ्यांनी बघा. धोक्याची वाटली तर विकून टाकू."

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आता अठ्ठ्याहत्तरीत आहे. लष्करातल्या नोकरीत त्याला गोल्फचा नाद लागला आणि पुढे पुण्याला येरवड्याच्या मैदानावर तो चांगलाच मुरला. हल्ली वहिनींसह तो मुलाकडे असतो. ऑपरेशननंतर डाव्या पायात जोर राहिला नाही. काठी टेकीत घरात हिंडतो, पण गोल्फ म्हणजे अठरा होलांमागे सहा-सात किलोमीटरांची रपेट. ती व्हावी कशी?

माझा पुतण्या राहतो ते पीचट्री सिटी हे जॉर्जिया राज्यातले, अटलांटाच्या नैर्ऋत्येचे एक टुमदार गाव. १९५९ साली आखून वसवलेले. गावभर झाडीतून दीडशेहून अधिक किलोमीटरांच्या अरुंद वाटा काढल्या आहेत आणि त्यांवरून मोटारी नव्हे, तर गोल्फच्या गाड्या धावतात! आजीबाई त्याच गाडीतून भाजी आणतात, पोरे त्याच गाडीतून शाळेला जातात. माती तांबडीलाल, वर उंच पाइन वृक्ष. क्षणभर वाटावे, महाबळेश्वराच्या वाटेवरच आहोत.

मैदानावर पाऊल ठेवले आणि मी खाली वाकलो. पायांखालचे गवत ओळखीचे निघाले. तिकडे त्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात. पण ती आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा! थंडीत पहिले दव गोठले की ही हिरवळ पिवळी पडून झोपी जाते आणि वसंतात पुन्हा उठते. "वहिनी इथूनच दूर्वा नेतात की काय?" मी विचारले. "छे! इथे औषधं फवारतात," दादा म्हणाला. "तिने घरामागे लावल्या आहेत."

गाडी मिळत असताना तीनचाकीच का, हेही मी विचारले. "गाडीत बसलं की आपल्याला कुणीतरी नेतंय असं वाटतं. हँडल हातात असलं की आपण चाललोय असं वाटतं." यावर काय बोलणार? क्लबानेही परवानगी दिलेली होती. चालता न येणाऱ्याने खेळावे की नाही, हा प्रश्न त्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. केसी मार्टिन नावाच्या खेळाडूचा एक पाय जन्मापासून अधू. स्पर्धेत गाडी वापरू द्या, असे त्याचे म्हणणे होते. चालणे हा खेळाचाच भाग आहे, असे स्पर्धा भरवणाऱ्यांचे. २००१ साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला.

गंमत अशी, की गोल्फच्या सुरुवातीच्या विजेच्या गाड्यांतही तीनचाकी पुष्कळ होत्या. ह्याच राज्यातल्या ऑगस्टा गावी १९५४ साली ई-झी-गो हा गाड्यांचा कारखाना निघाला. फटफटीसाठी प्रसिद्ध असलेल्या हार्ले-डेव्हिडसननेही १९६३ पासून तीन चाकांच्या गोल्फ-गाड्या विकल्या. पुढे चार चाकांनी त्यांना मागे टाकले. का, ते मला चौथ्या दिवशी समजले.

सकाळची वेळ होती, गवत दवाने ओले होते. सातव्या होलाला जमीन उजवीकडे तळ्याकडे उतरत जाते. दादाचा चेंडू झकास पडला होता. त्या आनंदात त्याने उतारावरून आडवी तीनचाकी हाकली आणि एकाएकी हँडल डावीकडे वळवले; वर मूठही पिळलेली! मागचे डावे चाक जमिनीवरून सुटले. मी मागून धावतच होतो. पुढचा-मागचा विचार न करता मागच्या टोपलीची डावी कड धरली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. चाक धपकन खाली आले. तळे चार हातांवर होते.

दोघेही कितीतरी वेळ बोललो नाही. मग दादा हळूच म्हणाला, "तिला सांगणार आहेस?"

"आधी शिकू. मग ठरवू," मी म्हणालो.

दुपारी बाकावर बसून आम्ही विचार केला. दुचाकी वळणावर आपल्याबरोबर कलते. तीनचाकीला कलता येत नाही. पुढे एक चाक, मागे दोन, म्हणजे टेकू त्रिकोणाचा. वळताना भार त्रिकोणाबाहेर गेला, की ती कलंडलीच! आपल्या रिक्षाचा गुण हाच. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, वळणात नव्हे. वळताना मूठ सोडायची आणि आपण आतल्या अंगाला झुकायचे. उतार आडवा कापायचा नाही. सरळ चढायचे, सरळ उतरायचे. ओल्या गवतावर ब्रेक हलक्या हाताने दाबायचा. वाळूच्या खड्ड्यांच्या आणि तळ्याच्या काठाने जायचेच नाही. थांबले की किल्ली काढायची; नाहीतर उतरताना मुठीला धक्का लागायचा आणि गाडी एकटीच निघायची!

मैदानाचे नियमही कामी आले. चेंडूच्या समोर येईपर्यंत पक्क्या वाटेनेच जायचे, मग काटकोनात आत वळायचे. पाऊस झाला असेल तर वाट सोडायची नाही. ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या मखमली गवतावर, चाक न्यायचे नाही. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद करून थेट घर गाठायचे.

पुढचे पंधरा दिवस मी रोज मागे धावलो. धावताना राहून राहून एकच आठवत होते. साठ वर्षांपूर्वी पर्वतीच्या पायथ्याशी दादाने मला भाड्याच्या सायकलवर बसवले होते. "सोडू नकोस हं!" मी ओरडत होतो आणि "धरलंय, धरलंय," असे तो मागून सांगत होता. वळून पाहिले तो स्वारी दूर उभी राहून हसत होती! सायकल आली ती तेव्हा.

निघण्याच्या आदल्या दिवशी वहिनीही मैदानावर आल्या. सातव्या होलाचे सगळे मी त्यांना आधीच सांगितले होते. त्या काही बोलल्या नाहीत. पदर घट्ट धरून उभ्या राहिल्या. उतार आला. दादाने वेग कमी केला, तीनचाकी सरळ खाली नेली, सपाटीवर पोचल्यावर सावकाश वळवली. मागे न पाहताच त्याने विचारले, "धरलंयस ना रे?"

मी वहिनींच्या शेजारी, चांगला तीस पावले मागे उभा होतो.

"धरलंय, धरलंय!" मी ओरडलो.

तीनचाकी विकायची गोष्ट वहिनींनी पुन्हा काढली नाही. विमानतळावर निघताना एवढेच म्हणाल्या, "भावजी, पुढच्या वर्षी या. तोवर मागे धावायची सवय मी ठेवते."