धरसोड

'धरसोड' हा शब्द कुणी कौतुकाने उच्चारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मुलगा धरसोडीचा आहे, एवढे कानावर आले की मुलीकडची मंडळी चहाही न घेता चपला शोधू लागतात! पण आपली कातडी शाबूत आहे ती धरसोडीच्याच जोरावर, हे कळल्यापासून मला या शब्दाविषयी आदर वाटू लागला आहे.

कातडीतल्या पेशी एकमेकींना डिंकाने चिकटवलेल्या नसतात. त्यांना प्रथिनांचे हात असतात. शेजारणीला धरणारे कॅडहेरिन; पायाखालची जमीन धरणारे इंटेग्रिन. यातला एकेकटा हात अगदी दुबळा. पकड बसते ती पुष्कळ हात दाटीने जमले म्हणजे. २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काचेवर सोन्याचे ठिपके मांडले, आपण रांगोळीचे मांडतो तसे; एकेका ठिपक्यावर इंटेग्रिनचा एकच हात टेकावा, इतके बारीक. ठिपक्यांमध्ये ५८ नॅनोमीटर अंतर होते, तेव्हा पेशी पाय रोवून ऐसपैस बसली. अंतर ७३ केले, तर तिला धड बसताच येईना! नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असल्या पंधरा भागांनी बिचारीचे बिऱ्हाड उठवले.

बरे, नुसते धरूनही भागत नाही. बोट कापले म्हणजे जखमेच्या काठच्या पेशी पुढे सरकतात. पुढे नवे हात रोवायचे, मागचे सोडायचे. मागचे सुटलेच नाहीत, तर जखम उघडीच राहायची.

आणि सुटू नये ते सुटले, म्हणजे काय होते, तेही मी पाहिले आहे. माझ्या ताईला पेम्फिगस झाला. या आजारात शत्रूशी लढायची प्रतिपिंडे घरच्याच डेस्मोग्लीनवर, कॅडहेरिनच्या भाऊबंदावर, उठतात. पेशींचे हात सुटतात, अंगावर फोड येतात. साडीची निरी घासली तरी ताईच्या कमरेची कातडी सोलवटे. त्या साली दिवाळीत तिचे उटणे राहिलेच. पुढे औषधांनी ती प्रतिपिंडे आवरली.

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे मी तिच्या पाठीला उटणे लावायला बसले. माझा हात आपोआप हलका पडला. तशी ताई वैतागून म्हणाली, "अग, चोळ की नीट! मी काय पापड आहे?"