हेमंतातील सायकल आणि तिचा सरंजाम

आश्विनात परतीचा पाऊस आवरता घेतो, रस्त्याच्या कडेचा चिखल वाळून घट्ट होतो, डोंगरांच्या अंगावरील हिरवा रंग पिवळसर होऊ लागतो आणि दसरा मागे पडतो न पडतो तोच पहाटेच्या वाऱ्याला धार चढते. तेव्हा पुणे प्रांतीच्या सायकलस्वाराचे खरे वर्ष सुरू होते. पंचांगाचे वर्ष चैत्रात आणि सरकारी दप्तराचे एप्रिलात सुरू होत असले, तरी ज्याचा दिवस दोन चाकांवर उजाडतो त्याच्या हिशेबी कार्तिकापासून माघापर्यंतचा काळच वर्षात श्रेष्ठ होय. या काळात रस्ते कोरडे असतात, दृष्टी दूरवर पोहोचते, घाट चढताना छातीत भरणारी हवा स्वच्छ असते आणि दुपारीदेखील ऊन अंगाला जाचत नाही. अनेक वर्षे या ऋतूत सायकल चालविल्यानंतर, आणि पुढे इतर ऋतूंतही ती बंद न ठेवण्याचा परिपाठ ठेवल्यानंतर, या छंदाला लागणाऱ्या सरंजामाविषयी जे मला निश्चितपणे उमगले आहे, ते नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी लिहून ठेवावे असे वाटते.

दख्खनची थंडी तिच्या तीव्रतेपेक्षा तिच्या चंचलतेने ओळखावी. पौष महिन्यात पुण्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत, आणि कधी त्याहूनही खाली उतरतो; तोच दुपारी तीस अंशांच्या आसपास जातो. काळोखात घराबाहेर पडून उन्हे चढल्यावर परतणारा स्वार एकाच फेरीत दोन ऋतूंतून प्रवास करीत असतो. त्यातही ज्या थंडीची नोंद वेधशाळा करते ती स्थिर हवेतील असते, आणि सायकलस्वाराच्या वाट्याला ती तशी कधीच येत नाही. कारण दहा अंशांच्या हवेत ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ती हवा सुमारे सात अंशांची भासते, आणि घाटाच्या उतारावर वेग वाढला म्हणजे तीच अधिक बोचते. शिवाय निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन उतारावरून दरीत उतरते आणि तेथेच साचून राहते. त्यामुळे मुठेच्या काठचा सपाट रस्ता आक्रमिताना बोटे आखडतात, आणि तोच रस्ता सिंहगडाच्या पायथ्याकडे वर चढू लागला की, अजून सूर्य उगवलेला नसतानाही, हवा सौम्य झाल्याची स्पष्ट जाणीव होते. जो केवळ थंडीचा बंदोबस्त करून निघतो तो पहिल्या चढावर घामाने भिजतो, आणि जो बंदोबस्त न करता निघतो तो पहिल्या उतारावर कुडकुडतो. म्हणून आपला सगळा सरंजाम तापमानाच्या या फेरबदलाला अनुसरून योजला पाहिजे, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

वस्त्रांचा विचार करताना पहिला शत्रू म्हणून घामाकडे पाहावे. सुती गंजी दैनंदिन व्यवहारात कितीही सुखाची असली तरी ती घाम शोषून धरून ठेवते, आणि चढ संपून उतार लागला की ते ओले कापड वाऱ्याच्या झोताने गार पडून छातीला चिकटते. त्याऐवजी अंगालगत बारीक लोकरीचे अथवा घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचे पातळ वस्त्र असावे, त्यावर सायकलीचा नेहमीचा बंडी-सदरा असावा, आणि सर्वांत वर, बाह्या नसलेले व मुठीत मावेल एवढे पातळ, पण समोरून वारा अडविणारे जाकीट असावे. यांपैकी प्रत्येक वस्त्र एका हाताने उघडता यावे, आणि नको झाले की पाठीवरच्या खिशात जावे. हातांसाठी सुट्या लोकरी बाह्या फार सोयीच्या ठरतात, कारण थांबण्याची गरज न पडता त्या मनगटापर्यंत खाली सारता येतात. पंजांना बंद हातमोजे हवेत, कारण गारठलेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. कानांना पट्टी हवी. गुडघे झाकलेले असावेत, कारण तेथे स्नायूंचे आवरण अत्यल्प असते आणि थंड सांध्यावर एकदम जोर पडला तर दुखणे जडण्याचा संभव असतो.

हे ज्ञान महागड्या दुकानांतूनच मिळते असे मात्र कोणी मानू नये. भल्या पहाटे वर्तमानपत्रे टाकणारी मुले आणि दुधाच्या कॅनी लटकावून गावाकडून शहरात येणारे गवळी यांनी ते कित्येक पिढ्या राबविले आहे. जाकिटाची गुंड्यांची बाजू पाठीकडे ठेवून ते उलटे घालण्याची त्यांची रीत अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. छातीवर कापडाचा अखंड पडदा आला की वाऱ्याला आत शिरण्यास फट उरत नाही. युरोपातील आल्प्स पर्वतावरच्या शर्यतींत जुने शर्यतपटू शिखरावर पोहोचताच रस्त्याकडेच्या प्रेक्षकाकडून वर्तमानपत्र घेऊन ते सदऱ्याखाली छातीवर सारीत आणि मग उतार उतरू लागत. त्यामागील तत्त्व हेच होते. आपल्या घाटांतही चहाच्या टपरीवर मागितलेला कालचा अंक तेच काम तितक्याच निष्ठेने करतो. मी पाळत आलो आहे तो नियम एवढाच की, दारातून बाहेर पडताना अंगावर थोडा शहारा यावा. निघतानाच जो ऊबदार असतो त्याने गरजेपेक्षा एक वस्त्र अधिक घातले आहे असे समजावे; श्रमाची ऊब पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत आपोआप मिळते.

वस्त्रांहूनही महत्त्वाची बाब प्रकाशाची आहे. पुण्यात जानेवारीच्या मध्यास सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. त्यामुळे नोकरी अथवा व्यवसाय सांभाळून सकाळी सायकल चालवू इच्छिणाऱ्याला पहिला तास-दीड तास अंधारातच काढावा लागतो. याच काळात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो, आणि सासवड, फलटण, बारामती या बाजूंना उसाने लादलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे लोंबणाऱ्या उसाआड दिवा असला तरी दिसत नाही, आणि नदीकाठचे धुके उतरले म्हणजे ते अवाढव्य ओझे अगदी जवळ येईपर्यंत ध्यानात येत नाही. पूर्वी बिनदिव्याची सायकल चौकातला शिपाई अडवीत असे आणि दंडाची पावती फाडली जाई. त्या काळी रॉकेलचे कंदील असत, आणि नंतर टायरवर घासून फिरणारा डायनामो आला, जो पायांत चांगला जोर खाई आणि सायकल थांबताच विझत असे. आजचे भरणीचे दिवे वजनाने हलके व तेजाने कितीतरी अधिक आहेत, तरी दिवा न लावताच निघणाऱ्यांची संख्या मोठी आहे, ही खेदाची गोष्ट होय. पुढचा दिवा खड्डा दिसेल असा किंचित खाली झुकलेला असावा, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारा नसावा; मागे तांबडे दिवे दोन असावेत, म्हणजे एकाची भरणी वाटेत संपली तरी दुसरा जागता राहील; आणि अंगावर प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असावे. दीर्घ पल्ल्याच्या ज्या ‘ब्रेव्हे’ नामक सफरी अलीकडे महाराष्ट्रात रूढ झाल्या आहेत, त्यांत रात्रीच्या वेळी दिवे आणि असे जाकीट ही सक्तीची अट आहे, आणि ती सर्वस्वी न्याय्य आहे.

यंत्राकडे वळल्यास थंडीचा पहिला परिणाम टायरातील हवेवर दिसतो. आदल्या सायंकाळी पंचवीस अंशांच्या हवेत ८० पौंडांच्या दाबाने भरलेला टायर पहाटे दहा अंशांत चार-पाच पौंडांनी उतरलेला आढळतो. म्हणून दाब निघतेवेळी तपासावा. मात्र मी अगदी काठोकाठ हवा भरण्याच्या मताचा नाही; जरा रुंद टायर आणि बेताचा दाब यांनी खडबडीत रस्त्यावर पकडही राहते आणि मनगटांना हिसकेही कमी बसतात. दुसरा उपद्रव सराट्यांचा. पावसाळ्यात जमिनीलगत पसरून पिवळी फुले धरणारी ही वेल हिवाळ्यात वाळते, तिच्या कठीण फळांचे तुकडे रस्त्याच्या कडेस विखुरतात, आणि ते कसेही पडले तरी त्यांचा एखादा काटा वर तोंड करून राहतो. त्यास बाभळीच्या काट्यांची जोड मिळते. त्यामुळे डांबर सोडून कडेच्या मातीत सायकल उतरवू नये, आणि उतरवावी लागलीच तर लगेच थांबून हातमोज्याच्या तळव्याने टायर पुसून घ्यावा, म्हणजे रुतू पाहणारा काटा ट्यूबपर्यंत पोहोचण्यापूर्वीच निघून येतो. एक नवी ट्यूब, सोल्यूशन, रबराची ठिगळे, टायर उतरविण्याच्या पट्ट्या आणि हातपंप एवढे साहित्य बैठकीखालच्या पिशवीत कायम असावे. चेनला हिवाळ्यात पातळ तेल अथवा मेण पुरते. खोबरेल मात्र चेनला चुकूनही लावू नये, कारण चोवीस अंशांखाली ते थिजते. शिलाईयंत्राचे तेल प्रत्येक कडीवर थेंबभर सोडून नंतर फडक्याने चेन कोरडी पुसावी. वर राहिलेले तेल रस्त्यावरची धूळ धरते आणि ती धूळ दातऱ्या खाऊन टाकते. हंगामाच्या आरंभी ओळखीच्या कारागिराकडून एकवार पुरते ओव्हरहॉलिंग करून घ्यावे. छर्रे धुऊन नवे ग्रीस भरावे आणि चाकांचा आऊट काढून घ्यावा.

एवढी सिद्धता झाल्यावर रस्त्यांची निवड आपल्या शक्तीनुसार करावी. आरंभ करणाऱ्याने खडकवासल्यापर्यंतचा सपाट रस्ता धरावा. दम बसला की बोपदेव घाटाने चढून सासवडमार्गे दिवे घाटाने उतरावे. आणि पाय तयार झाले की वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणी गाठावी, जेथे एका बाजूस कृष्णेचे खोरे धुक्यातून हळूहळू उघडत जाते. वाटेत हुरड्याचे दिवस असतात, गुऱ्हाळांतून उकळत्या रसाचा दरवळ येत असतो, आणि खिशात संक्रांतीच्या गूळपोळीचे चार तुकडे असले की कोणत्याही परदेशी वडीची गरज भासत नाही. ज्याला याहून दूर जावेसे वाटते त्याच्यासाठी ब्रेव्हे आहेत. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करावयाचे असतात. या परंपरेतील सर्वांत प्रतिष्ठित सफर म्हणजे १८९१ साली सुरू झालेली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची फेरी, जिच्यासाठी बहुतेकांना ९० तासांची मुदत असते. आणि सामग्रीच्या उणिवेचे निमित्त ज्यांना सुचेल त्यांनी १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघालेल्या तरुण पारशी सायकलस्वारांचे स्मरण करावे. त्यांच्यापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे जवळजवळ ७१,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून १९२८ मध्ये मायदेशी परतले. वाटेत त्यांनी वाळवंटेही तुडविली आणि हिमही तुडविले, आणि आज आपण ज्यांना आवश्यक मानतो त्यांपैकी कितीतरी वस्तू तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या.

फाल्गुन लागला की लोकरी बाह्या पेटीत जातात, परंतु सायकल खुंटीला टांगण्याचे कारण उरत नाही. चैत्र-वैशाखात सूर्य लवकर उगवतो. म्हणून निघण्याची वेळ अलीकडे ओढावी आणि नऊच्या आत घर गाठावे. पाणी दोन बाटल्या असावे, त्यांपैकी एकीत लिंबू, मीठ आणि साखर घातलेली असावी, कारण घामाबरोबर क्षारही जातात आणि नुसत्या पाण्याने त्यांची भर होत नाही. या दिवसांत सैल विणीचे, फिकट रंगाचे व पूर्ण बाह्यांचे वस्त्र उघड्या कातडीपेक्षा थंड राखते. मृगाचा पाऊस पडला म्हणजे मडगार्ड चढवावेत, चेनला दाट तेल द्यावे, ब्रेकचे रबर तपासावे आणि ओल्या रिमेवर ते उशिरा पकडते हे लक्षात घेऊन वळणाच्या बऱ्याच आधी वेग उतरवावा. पहिल्या सरीनंतरच्या तासाभरात डांबरावरील तेलकट थर सर्वाधिक निसरडा असतो. तेव्हा शक्य तर थांबून राहावे. ताम्हिणीच्या घाटात झाडीतून दिसणारे धबधबे पाहण्यासाठी दिवसाउजेडी जावे, आणि दरडी कोसळण्याचा इशारा असेल त्या दिवशी घरातच रोलरवर पाय चालते ठेवावेत. हिवाळ्यात कमावलेली शक्ती पावसाळ्यातही टिकवून धरणे हाच त्या रोलरचा उपयोग आहे, आणि तो लहान नाही.

ऋतूंचे हे चक्र वर्षानुवर्षे सायकलीवरून न्याहाळल्यावर माझा निर्णय असा झाला आहे की, आपल्या मुलखात सायकल बंद ठेवावी असा ऋतूच नाही. आहे ती केवळ प्रत्येक ऋतूचा वेगळा सरंजाम बांधण्याची जबाबदारी. त्या सरंजामातील बहुतेक वस्तू स्वस्त आहेत, कित्येक घरातच सापडतात, आणि ज्या विकत घ्याव्या लागतात त्या एकदम घेण्याची निकड नसते. म्हणून यंदाच्या मार्गशीर्षात जो प्रथमच पहाटे सायकल बाहेर काढणार असेल त्याला माझी विनंती आहे की, नवी सायकल, नवे बूट, नवे कपडे यांची मसलत नंतर करावी आणि पहिला खर्च मागच्या तांबड्या दिव्यांवर करावा. दुसरा वारा अडविणाऱ्या जाकिटावर करावा. आणि बाकीचे काय लागते ते पहिल्या महिन्याभराच्या रस्त्यालाच ठरवू द्यावे.